क्रेनची मान

(वॉकीटॉकीवर. मुलगी उंच क्रेनच्या केबिनमध्ये, खुणा देणारे वडील खाली. वारा वाढलेला.)

मुलगी : …नाही बाबा, मी ब्रेक सोडणार नाही.

बाबा : बरं. हुक वर घेतलास?

मुलगी : घेतला, रिकामाच आहे. मी शिडीने खाली येऊ का?

बाबा : या वाऱ्यात? चिंधीसारखी उडशील. बसून राहा.

मुलगी : सगळं करकरतंय. भीती वाटतेय मला.

बाबा : मलाही. बोलत राहा. क्रेनला क्रेन का म्हणतात, ते परवा जेवताना सांगत होतीस. मी अर्धवट ऐकलं.

मुलगी : आत्ता सांगू?

बाबा : मग तुला दुसरं काय काम आहे तिथे?

मुलगी : पक्ष्याचं नाव आहे ते. लांब मानेचा, आपल्या करकोच्यासारखा. आधी पक्षी, मग यंत्र. मान तशीच दिसते म्हणून.

बाबा : आणि पक्ष्याला कुठून मिळालं?

मुलगी : त्याच्या ओरडण्यावरून, म्हणतात. घसा बसल्यासारखा ओरडतो, क्रर्र… बाबा, ही हलली.

बाबा : हलणारच. पुढे?

मुलगी : ग्रीक लोकसुद्धा यंत्राला त्या पक्ष्याचंच नाव द्यायचे. आणि इंग्रजीत मान लांब करून डोकावण्यालाही तोच शब्द.

बाबा : मग वादळात तो पक्षी मान ताठ धरून वाऱ्याशी भांडतो का गं?

मुलगी : कळतंय मला, तुम्ही कुठे नेताय ते. परीक्षेत लिहिलंय मी. वारा वाढला की ब्रेक मोकळा करायचा, वारा नेईल तिकडे मान फिरू द्यायची. धरून ठेवली तर क्रेन आडवी होते. लिहायला काय जातंय? हात धजत नाही.

बाबा : समोरच्या इमारतीला लागेल म्हणून? तिची गच्ची खूप खाली राहिली.

मुलगी : ती आपली आपण फिरणार, आणि मी आत.

बाबा : फिरणार. मी चालवायचो ती क्रेन पहिल्यांदा अशी फिरली, तेव्हा मी डोळे मिटून तुझ्या आईला हाका मारत होतो. हे घरी बोलू नकोस.

मुलगी : …सोडते.

बाबा : हं.

मुलगी : सोडला. फिरतेय. बाबा, फिरतेय… करकर कमी झाली.

बाबा : दिसतंय मला. छान चाललीय.

मुलगी : खाली कुणी नाही ना? सगळ्यांना लांब पाठवा.

बाबा : कधीच पाठवलं. मुकादमसुद्धा गेटबाहेर आहे.

मुलगी : आणि तुम्ही?

बाबा : मी इथेच, क्रेनच्या पायाशी.