अठ्ठ्याऐंशी दिवस

ताई : थांब, मला एकदा नीट कळू दे. नव्वद दिवस लागतात आणि तुझे भरले अठ्ठ्याऐंशी. दोन दिवस कमी पडले म्हणून जुन्या साहेबांनी लिहिलेलं सगळं केरात?

मेजर : केरात नाही. ‘विचारात घेता येत नाही’ असा शिक्का मारून परत.

ताई : तेच ते. तुमच्यात केरालासुद्धा शिक्का लागतो, एवढंच. आणि पाय उचल आधी, गणवेशाच्या कापडावर देतोयस. उद्या सकाळी चाळीस पोरांचे द्यायचेत मला.

मेजर : ताई, मशीन थांबव ना पाच मिनिटं. महत्त्वाचं आहे.

ताई : माझंही महत्त्वाचंच आहे. तू बोल, माझे कान काही मशीनला जोडलेले नाहीत. नव्वद दिवस कशाचे?

मेजर : आमच्यावर दर वर्षी गोपनीय अहवाल लिहितात. वरचा साहेब लिहितो. पण ज्याच्या हाताखाली तुम्ही किमान नव्वद दिवस प्रत्यक्ष कामावर होतात, त्यालाच लिहायचा हक्क. रजा त्यात धरत नाहीत. त्या वर्षी मला दोन साहेब झाले. मी बदलून तिथं गेलो आणि एकशेदोन दिवसांनी जुने साहेब निवृत्त झाले. त्यातून माझ्या रजेचे चौदा वजा कर.

ताई : अठ्ठ्याऐंशी. बरोबर. मग दुसरा कोण आला? तो चादरीच्या घड्या मोजणारा?

मेजर : तोच. फुटपट्टी. जुन्या साहेबांनी मला सगळ्या रकान्यांत नऊ दिले होते. फुटपट्टीनं दिले सात. आता जुन्या साहेबांचा अहवाल बाद, त्यामुळे त्या अख्ख्या वर्षाचा मी म्हणजे फुटपट्टीचे सात.

ताई : दहापैकी सात ना? अरे टिल्लू, मला गणितात सात पडले असते तर बाबांनी गल्लीभर सांगितलं असतं.

मेजर : आमच्यात सात म्हणजे मेलास. नऊ सगळ्यांनाच असतात. आठ म्हणजे साहेबाचं तुझ्याशी बिनसलंय. सात म्हणजे विषय संपला.

ताई : मग भांडायचं होतंस की! तोंड शिवलं होतं का?

मेजर : भांडणार कशावर? सहाच्या खाली दिले तर तो प्रतिकूल शेरा होतो. तो मला दाखवावा लागतो, माझी सही घ्यावी लागते, उत्तर द्यायला मुदत द्यावी लागते. सात प्रतिकूल नाही. सात दाखवायचेच नसतात. फुटपट्टीला हे सगळं तोंडपाठ. वर्षभर माझ्याशी इतकं गोड बोलायचा म्हणून सांगू! मला कळलं तेव्हा बढतीची यादी लागली होती.

ताई : म्हणजे मारायचं, पण वळ उठू द्यायचा नाही.

मेजर : हं.

ताई : मेला. आमच्याकडे मापात चूक झाली तर गिऱ्हाईक निदान कपडा तोंडावर फेकून तरी जातं.

मेजर : दोन याद्या गेल्या, ताई. तिसरी पुढच्या महिन्यात, आणि ती शेवटची. त्यात नाव नसेल तर मी मेजर तो मेजरच. ज्यांना मी नकाशा धरायला शिकवलं ते मला हुकूम देणार. आणि मी सलाम ठोकायचा.

ताई : बायको काय म्हणते?

मेजर : मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांकडे बढतीची मेजवानी होती. डोकं दुखतंय म्हणून गेली नाही. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून भांडी घासत बसली. घासलेलीच.

ताई : आणि ती चौदा दिवसांची रजा… आपलीच ना रे? आईच्या वेळची?

मेजर : दुसरी कुठली? तेवढीच तर घेतली मी. दहा दिवस मंजूर होते. नऊ तारखेला संपत होते. मी फोन केला, तर जुने साहेब म्हणाले, “घाई काय आहे? आणखी चार दिवस राहा. इथं काही आभाळ कोसळत नाही.”

ताई : देवमाणूस.

मेजर : देवमाणसानंच घात केला. चारऐवजी दोन म्हणाले असते तर माझे नव्वद भरले असते.

ताई : दोन म्हणाले असते तर तू अकराला रात्री निघाला असतास. आई गेली बाराला.

मेजर : माहीत आहे मला.

ताई : माहीत आहे तर मग घात कसला म्हणतोस?

मेजर : चुकून गेलं तोंडातून.

ताई : चुकून नाही गेलं. बरं, ते राहू दे. दीड वर्षानं दारात उभा राहिलास तो काही माझी कणव येऊन नाही. त्या पिशवीत काय आहे? आल्यापासून मांडीवर धरून बसलायस.

मेजर : कागद आहे. आमच्या हेडक्लार्कनं वाट काढलीय. जुनं कार्यालय हलवलं तेव्हा रजेचं रजिस्टर गहाळ झालं. रजिस्टर नसेल तर नियमात सोय आहे. तीन जबाब चालतात. रजा देणाऱ्या साहेबाचा, रजा घेणाऱ्याचा, आणि रजेच्या पत्त्यावरच्या एका सज्ञान माणसाचा.

ताई : ती सज्ञान मी.

मेजर : हो.

ताई : दे इकडे. चष्मा कुठं ठेवला मी… डोक्यावरच आहे. “वाढीव चार दिवसांपैकी दोन दिवसांची रजा सदर अधिकाऱ्याने उपभोगली नाही.” उपभोगली?

मेजर : तो सरकारी शब्द आहे, ताई.

ताई : आई श्वासाला झुंजत होती, मी तिच्या पाठीखाली उशा सरकवत होते, आणि तू शेजारी बसून रजा उपभोगत होतास. वा!

मेजर : तसंच लिहावं लागतं.

ताई : “अकरा तारखेस सायंकाळी घर सोडून बारा तारखेस सकाळी कामावर हजर झाले.” जुन्या साहेबांनी केली सही?

मेजर : केली. त्यांच्या घरी गेलो होतो परवा. म्हणाले, माझ्या चांगुलपणाची शिक्षा तुला नको. हात थरथरत होता. वय झालंय त्यांचं.

ताई : वयानं थरथरत होता?

मेजर : मला काय ठाऊक!

ताई : तुला बरोबर ठाऊक आहे. एक विचारू? तूही लिहितोस ना असे अहवाल, तुझ्या हाताखालच्यांचे?

मेजर : लिहितो. तपासतोही. आधीच्या ठिकाणी वर्षभर तेच काम होतं माझ्याकडे.

ताई : मग हे नव्वद दिवस तूही मोजले असशील कुणाचे तरी.

मेजर : मोजले.

ताई : आणि?

मेजर : एक कॅप्टन होता. त्याचे शहाऐंशी भरले. बायको बाळंतपणात अडली होती, तिच्यापाशी थांबला होता. मी अहवाल परत पाठवला.

ताई : शिक्का मारून?

मेजर : शिक्का मारून. माझ्या टेबलासमोर उभा राहून तो म्हणाला, सर, मूल दगावलं. मी म्हटलं, वाईट झालं, पण नियमात तशी नोंद करायला जागा नाही.

ताई : त्याला नाही सांगितलंस, रजिस्टर हरवतात म्हणून?

मेजर : तेव्हा मला असली सोय माहीत नव्हती.

ताई : नाही, आणि माहीत असती तरी सांगितली नसतीस. मला राग येतोय, टिल्लू. त्या फुटपट्टीचा येतोय म्हणायला बरं वाटेल, पण नाही, तुझाच येतोय. अडीच वर्षं आई त्या पलंगावर होती. अडीच वर्षं मी तिला उठवलं, बसवलं, धुतलं, भरवलं. आणि तू महिन्याला एक फोन. “ताई, सुट्टी नाही.” आईला मी काय सांगायचे ठाऊक आहे? तो फार मोठ्या कामात आहे, म्हणायचे. ती सगळ्यांना तेच सांगत सुटायची. मोठ्या कामात आहे!

मेजर : मी पैसे पाठवत…

ताई : पैशाचं नाव काढू नकोस. पैशानं कूस बदलता येत नाही.

मेजर : बोल. बोलून घे. मी ऐकूनच घ्यायला आलोय.

ताई : हो का? त्या टेबलावरचं पेन दे.

मेजर : कशाला?

ताई : कशाला म्हणजे? सही करते.

मेजर : आत्ता? अगं, विचार तरी कर. नीट वाच.

ताई : वाचलं. दोन दिवस खोटे आहेत, बाकी सगळं खरं. बाजारात यापेक्षा खोटं कापड मिळतं.

मेजर : ताई, हा सरकारी जबाब आहे. उद्या कुणी चौकशी केली, दाखला मागितला…

ताई : आईच्या मृत्यूचा दाखला तुमच्या कुठल्या रकान्यात बसतो? कोण मागतोय? आणि मागितला तर मागितला. मी शिलाईवाली बाई. माझी बढती कुठं अडलीय?

मेजर : तू चिडशील असं वाटलं होतं मला. कागद फाडशील.

ताई : अस्सं. म्हणजे तू सही घ्यायला आलाच नव्हतास. मी नाही म्हणावं म्हणून आलास. मी कागद फाडला की तू परत जाणार, बायकोला सांगणार, ताईनं ऐकलं नाही गं. पुढे जन्मभर मेजर राहिलास तरी खापर माझ्या डोक्यावर.

मेजर : तसं नाही.

ताई : तसंच आहे. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या हुकमावर काढलंस. आता ‘नको करूस’ हा हुकूमही मीच द्यायचा? नाही देणार. ही घे. झाली माझी सही. दिसते ना नीट? आता तू कर.

मेजर : माझी तिकडे, हेडक्लार्कसमोर करायचीय.

ताई : इथं कर. माझ्यासमोर. मी केली ना तुझ्यासमोर?

मेजर : ताई, गाडी आहे माझी सहाची.

ताई : सही करायला किती वेळ लागतो? करायची नसेल तर तसं म्हण. मी त्यालाही हसणार नाही. जेवायला वाढीन, रात्री राहा म्हणेन. पण माझ्या पाठीमागे करू नकोस.

मेजर : मुलगा मला विचारतो, बाबा, त्या काकांच्या गाडीवर झेंडा आहे, आपल्या का नाही? काय सांगू त्याला? की मी चार दिवस जास्त राहिलो म्हणून?

ताई : तेही सांगता येतं.

मेजर : तुला सोपं आहे बोलायला.

ताई : हो. मला सगळं सोपंच होतं.

(मेजर सही करतो.)

ताई : झालं?

मेजर : झालं.

ताई : आता हे शेवटचं वाच. मघाशी मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं नाही. “निघतेवेळी रुग्णाची जबाबदारी कोणाकडे सोपविली?” आणि पुढे तुझ्या अक्षरात, “बहिणीकडे.”

मेजर : तो रकाना भरावाच लागतो. मग काय लिहिणार?

ताई : बाराला दुपारी मी कुठं होते?

मेजर : ताई…

ताई : कुठं होते?

मेजर : औषधाच्या दुकानात.

ताई : रांगेत. तूच पाठवलं होतंस मला, म्हणालास, जरा बाहेरची हवा घेऊन ये, मी बसतो. माझ्यापुढे तीन माणसं होती. मी परत आले तर तू दारात उभा. म्हणालास, आत्ता गेली. पाणी मागितलं, मी चमच्यानं दिलं, दोन घोट घेतले आणि गेली. डोळे मी मिटले, म्हणालास. मी तुझ्या गळ्यात पडून काय म्हटलं होतं, आठवतं?

मेजर : आठवतं.

ताई : म्हटलं होतं, बरं झालं तू होतास. अडीच वर्षांचं सगळं मी तुला तिथल्या तिथं माफ केलं होतं रे. त्या एका चमच्यासाठी.

मेजर : मी होतोच ना, ताई. कागदावर काहीही असो. तुला माहीत आहे, मला माहीत आहे.

ताई : नाही. आता तुझी सही आहे खाली. तू नव्हतास. आणि मी दुकानात होते. म्हणजे घरात कुणीच नव्हतं. आई पाणी मागत मागत एकटी गेली.

मेजर : असं नको ना बोलूस.

ताई : मी नाही बोलत, तुझा कागद बोलतोय. आणि तसं मी होऊ देणार नाही. तिला एकटी नाही जाऊ देणार मी, कागदावरसुद्धा. नीट ऐक, आणि कुणी विचारलं तर हेच सांग. तुझ्या बायकोला, तुझ्या मुलालाही. मी दुकानात गेलेच नव्हते.

मेजर : ताई, ते माझं आहे. तेवढं तरी…

ताई : होतं. पाणी मी दिलं. डोळेही मीच मिटले. तू कामावर होतास.