इल्माला बाप चिकटवल्याबाबत

माझे नाव शुभांगी धम्मपाल मुनेश्वर, वय त्रेचाळीस, सरकारी शाळेत इंग्रजीची शिक्षिका, राहणार विहारामागची गल्ली, आदिलाबाद. आज रविवारी दुपारी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी न पढवता, तोंडी सांगते. हेड कॉन्स्टेबल नागोराव जमादार मराठीत लिहून घेत आहेत. तेलुगू तर्जुमा ते नंतर करणार आहेत.

माझी मुलगी मैत्री, वय चौदा, इयत्ता नववी, ही आज सकाळपासून घरात नाही. मी उठून पाहिले तेव्हा तिचे अंथरूण घडी करून ठेवलेले होते आणि दारात सायकल नव्हती. मोबाईल चार्जिंगला तसाच होता. मैत्रिणींकडे, विहारात, शिकवणीच्या सरांकडे विचारून झाले. माझे पती धम्मपाल बसस्टँड आणि रेल्वे स्टेशन पाहायला गेले आहेत. मुलीचा रंग सावळा, उंची माझ्या कानापर्यंत, केस खांद्यापर्यंत कापलेले, डाव्या भुवईवर पडल्याची खूण. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर अंतराळातल्या जहाजाचे चित्र आहे. जहाज पहिल्या भागातले आहे, आठव्या भागातले नाही. जमादार म्हणतात याने काय फरक पडतो. फरक पडतो म्हणूनच सांगितले.

घरातून जाण्याचे कारण विचारल्यावरून सांगते की, कारण सिनेमा आहे.

यावर जमादारांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, कोन्या पोराचा नाद हाय का, थे सांगा. सिनेमाचं मंग पाहू." मी सांगितले की पोराचा नाद असता तर मी एवढी संतापले नसते. सिनेमाच लिहावा. त्यांनी पेन उचलला.

सदर सिनेमांची मालिका इंग्रजी आहे. नाव लांबलचक असल्याने जमादारांनी "सदर मालिका" एवढेच लिहायचे ठरवले, त्याला माझी हरकत नाही. आजवर आठ सिनेमे निघाले. त्यांच्या जोडीने अकरा कादंबऱ्या निघाल्या. सिनेमात लढाया असतात, आणि त्या लढायांमधून वेळ न मिळाल्याने जे राहून जाते ते कादंबऱ्यांत असते: जहाजावरचा स्वयंपाक, आजारपणे, कोणाचे कोणाशी का बिनसले ते. मी कॉलेजात असल्यापासून दोन्हींच्या मागे आहे. नातेवाईक मला यावरून हसतात. त्यांनी खुशाल हसावे.

सगळ्या कादंबऱ्या चांगल्या आहेत असे माझे म्हणणे नाही. पाचवी भिकार आहे. सातवीत निम्मे पुस्तक जकातीवरच्या भांडणात जाते. सिनेमांपैकी पहिला आणि चौथा उत्तम. सहावा ज्याला आवडतो त्याच्याशी मी वाद घालत नाही, कारण दगडावर डोके आपटून दगडाला काही होत नाही. माझा भाचा जीवन याला तो आवडतो.

इल्मा ही सदर मालिकेतली वैमानिक. सिनेमात तिला काम म्हणजे जहाज वळवणे आणि केस न विस्कटता उडी मारणे. तिला माणूस केले ते कादंबऱ्यांनी. तान्ही असताना ती एका बंदरावर धान्याच्या कोठारात सापडते. मालवाहू जहाजाची कप्तान ओर्सा तिला उचलून घेते आणि वाढवते. तिचे आईबाप कोण हे अकरा कादंबऱ्यांत कोणालाच कळत नाही. ओर्सा तिला सांगते की तुला ठेवून जाणारीची गोष्ट माझ्याकडे नाही, उचलणारीची आहे, ती हवी तेवढी सांगते. पुढे इल्मा विचारायचे सोडून देते, कारण तिला कामे असतात.

मैत्री ही आमची दत्तक मुलगी आहे. रीतसर, कोर्टाच्या हुकमाने, इथल्याच शिशुगृहातून घेतलेली. तिला हे माहीत आहे. ती लहान असताना मीच सांगितले, पण इल्माच्या गोष्टीतून सांगितले. आमच्याकडे पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असते. ते आटोपून घरी आलो की आम्ही दोघी इल्मा वाचायचो. मी इंग्रजीतली एकेक ओळ आपल्या बोलीत करून सांगायची. इल्मा कोठारात सापडली तिथे मैत्रीने माझ्याकडे पाहिले, आणि मी मान हलवली. तेव्हापासून आमच्या घरी हा विषय तसाच निघतो. ती विचारायची, "इल्माले थंडी वाजली असंन का वं?" मी म्हणायचे, "नाई, चांगली गुंडाळली होती तिले." कशाबद्दल चालले आहे हे दोघींना कळायचे. माझ्या पतींना ही रीत पसंत नव्हती. ते म्हणायचे, "पोरीले सिद्धं सांग ना. ते काय जहाज घेऊन बसली?" मी त्यांना गप्प करायची.

काल शनिवारी मी, मैत्री आणि जीवन असे तिघे इथल्या टॉकीजला आठवा भाग पाहायला गेलो. हिंदी डबिंग होते, त्याबद्दल तक्रार नाही. शेवटाकडे एक म्हातारा सम्राट मरता मरता इल्माला सांगतो की, तू माझी मुलगी आहेस. एवढ्यावर थांबले नाहीत. तुझ्या अंगात राजघराण्याचे रक्त आहे म्हणूनच तुझ्यासारखे जहाज कोणी चालवत नाही, असेही त्याच्या तोंडी घातले. म्हणजे ओर्साने तिला शिव्या देत देत शिकवले, हात भाजेपर्यंत इंजिने साफ करून घेतली, ते सगळे पाण्यात. टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या.

याबाबत माझे म्हणणे नीट लिहून घ्यावे. माझे आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले. माझी आजी पंचफुला त्यांच्या बरोबरीने राबली. कोणाच्या पोटी जन्मला यावरून माणूस मोजायचा नाही, ही एक गोष्ट आमच्या घराने मनगटावर कमावली आणि कोणाच्या बापाची भीक म्हणून घेतली नाही. आणि हे सिनेमावाले! प्रकाशाला मागे टाकणारी जहाजे बांधली, नवे सूर्य दाखवले, आणि अक्कल गावच्या चावडीवरच राहिली: बाप कोण? डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणावे, तर उंदीरसुद्धा राजघराण्यातला पाहिजे. मला त्या वेळी पडदा फाडावासा वाटला. फाडला नाही, हे माझ्या बाजूने नोंदवावे.

याहून वाईट ओर्साचे केले. ओर्साला पहिल्यापासून सगळे माहीत होते आणि तिने ते इल्मापासून लपवले, असेही त्या सम्राटानेच सांगितले. ही शुद्ध बदनामी आहे. चौथ्या कादंबरीत ओर्सा जहाज गहाण टाकून इल्माच्या माणसांचा शोध घेत हिंडते आणि हात हलवत परत येते. जिने एवढे केले तिला सिनेमात खोटारडी ठरवली. यावर एखादे कलम लागत असेल तर लावावे. जमादारांनी लागत नाही असे सांगितले. शिवाय आता सिनेमावरून बारावी कादंबरी काढली आहे, मुखपृष्ठावर तोच सम्राट, आणि आत छापले आहे की आधीच्या कादंबऱ्यांतले इल्माचे बालपण यापुढे ग्राह्य धरू नये. काल जीवनने मोबाईलवर दाखवले आणि वर म्हणाला, "मावशी, सिनेमाच हाय तो, एवढं काय मनावर घेता?" त्याला मी ऑटोतून अर्ध्या वाटेत उतरवले.

घरी आल्यावर बोलत मीच होते. मी कणीक मळत असताना मैत्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ओर्सासारखं तुलेबी माईत हाय ना?"

मी म्हणाले, "अवं, ओर्साले माईत असनं शक्यच नाई. चौथ्या पुस्तकात ती सोताच शोधाले जाते."

ती म्हणाली, "मी ओर्साचं नाई इचारून राह्यली. माह्यं इचारून राह्यली. मी कुठं सापडली होती?"

मी कणकेचे हात धुतले, आतून चौथी कादंबरी आणली आणि तिच्यापुढे पान उघडून धरले.

तिने पुस्तक हातात घेतले नाही. "काऊन सांगून नाई राह्यली तू?" म्हणाली. मी म्हणाले की आधी त्या सिनेमावाल्यांनी भरवलेले डोक्यातून काढ. ती न जेवता झोपायला गेली. मी जीवनला फोन लावला आणि सहाव्या भागापासूनच सगळे कसे बिघडत गेले ते त्याला सांगत बसले. सकाळी मुलगी नव्हती.

जमादारांनी लिहिणे थांबवून विचारले, "मॅडम, रागाऊ नका. पन तुमाले माईत हाय का नाई?"

मला त्यांचा राग आला. त्यांनी विचारले त्यात चूक काही नव्हते, म्हणून जास्तच आला. माहीत आहे. सांगते, ते शब्दाला शब्द लिहावे.

मुलगी नार्नूरच्या आठवडी बाजारात सापडली. भाजी लावणाऱ्या विमलबाई यांच्या वांग्यांच्या टोपल्यांमागे, सावलीत ठेवलेली होती. दूध पाजलेले होते, काजळ घातलेले होते, अंगाभोवती धुतलेले लुगडे होते. विमलबाईंना वाटले, आई इथेच कुठे सौदा घेत असेल. दुपार झाली, बाजार उठला, कोणी आले नाही. विमलबाई मुलीला मांडीवर घेऊन रिकाम्या बाजारात बसून राहिल्या. गावाकडची शेवटची जीप त्यांनी जाऊ दिली. मग दवाखान्यात नेले, तिथून पोलीस, तिथून शिशुगृह. शोध घेतला गेला, कोणी मिळाले नाही. यापलीकडे मला, कोर्टाला, कोणालाच काही माहीत नाही. मी लपवलेला बाप कुठेही नाही. हुकूम मिळाल्यावर मी विमलबाईंना भेटायला गेले होते. त्या म्हणाल्या, "मले वाटे, कोनीतरी यीनच. मंग तुमी आल्या."

हे मी मुलीला याआधी सांगितले नाही, कारण "बाजारात सापडली" हे शब्द एकदा तोंडातून गेले की शाळेत, गल्लीत कोण ते कसे फेकून मारील याचा नेम नाही. लोकांच्या जिभेला हाड नसते. धान्याच्या कोठाराला कोणी हसत नाही. मला वाटले होते की इल्मा आम्हाला जन्मभर पुरेल.

इथवर लिहून झाले असताना ठाण्याची गाडी मैत्रीला घेऊन आली. ती शिशुगृहाच्या फाटकाशी सायकल लावून बसलेली मिळाली. रविवारमुळे ऑफिस बंद होते. वॉचमनने तिला पाणी पाजले, बसवून ठेवले आणि ठाण्याला फोन केला. तिला कुठेही इजा नाही. मी पतींना फोन करून कळवले. मैत्रीने माझ्याकडे पाहिले नाही. मीही तिच्याशी बोलले नाही, कारण तोंड उघडले असते तर पुन्हा इल्माच बाहेर आली असती.

जबाब देणाऱ्याला तो वाचून दाखवावा लागतो, असे जमादारांनी सांगितले. मी म्हणाले, तिलाही बसू द्या. ती बाकावर माझ्यापासून हात-दोन हात सोडून बसली. जमादारांनी पहिल्यापासून वाचले. नार्नूरचा मजकूर झाल्यावर ती म्हणाली, "थे परत वाचा." त्यांनी परत वाचला. तिने विचारले, विमलबाई अजून बाजारात बसतात का? मी सांगितले, बसतात. ती म्हणाली, "मंग जाऊ." मी बरे म्हणाले. दोघींच्या डोळ्यांना पाणी आले, हे आम्ही लिहू नका म्हटले तरी जमादारांनी लिहिले आहे.

यानंतर मैत्रीने हरकत घेतली की वरील जबाब एकतर्फी आहे. तिला आठवा भाग आवडला, आणि तेही लिहिले गेले पाहिजे. तिचे म्हणणे असे की आई सम्राटाच्या बोलण्यावर भडकून उठली आणि टॉकीजच्या बाहेर जाऊन उभी राहिली, त्यामुळे आईने शेवट पाहिलेलाच नाही. शेवटी इल्माला राजवाडा, गादी, सगळे देऊ करतात. ती नको म्हणते आणि ओर्साच्या जहाजावर परत जाते. ओर्सा तिला काही विचारत नाही, नुसती सरकून जागा देते. मैत्रीचे शब्द असे: "पैले माईत तर झालं पायजे ना, आई. मंग मानूस आपल्या मनानं परत येते."

मी शेवट पाहिलेला नाही, हे खरे आहे. सम्राटाबद्दलचे माझे मत कायम आहे. बाकी जबाब आम्हा दोघींना मोठ्याने वाचून दाखवला. जे बोललो तेच त्यात उतरले आहे, म्हणून मी खाली सही करते.

मुलगी वयाने अज्ञान असल्याने तिच्या सहीची गरज नाही, असे जमादारांनी सांगितले. तिने माझ्या हातातून पेन घेतला आणि माझ्या सहीखाली पूर्ण नाव लिहिले: मैत्री शुभांगी धम्मपाल मुनेश्वर.