पाणी किती पिता?

नागपुरातल्या दवाखान्यात रांगेत माझ्या पुढच्या दोघी, मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या.

"बस ना वं अंजू, खुर्च्या खाली आहेत."

"बसताच येत नाही, इंदूबाई. मूळव्याध असन."

"मी बी तेच समजून चार महिने चूर्ण खाल्लं. या डॉक्टरीणबाईनं पाहिलं अन् म्हणे, मूळव्याध नाही, चीर पडली. शौचाले कडक झालं का पडते."

"मंग कापलं?"

"नाही वं! मलम लावलं, कोमट पाण्याच्या टबात बसली. दीड महिन्यात भरली. पण तिनं इचारलं, दिवसभर पाणी किती पिता?"

"गोदामात कोण पिते? संडासाच्या दाराले कडी नाही."

"तेच सांगतलं. रडूच आलं मले. आजवर कोनं इचारलंच नव्हतं."

"आता?"

"आता आमच्या गोदामात बाया जोडीनं जातात. एक आत, एक दाराशी. पाणी प्याल्याशिवाय मी कोनाले देठ खुडू देत नाही."

"आमच्या गोदामात असं कोण करन?"

"तू कर ना."

मीही भिंतीला टेकून उभीच होते. इंदूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बाटलीचं झाकण काढलं.

"घ्या ताई. अन् आत गेल्यावर मूळव्याध म्हणू नका. आधी पाहू द्या तिले."