जानेवारीसाठी नव्वीची जोडी

नाही, पण मला एक सांगा, तीस सेकंद हा काय विचार करायला वेळ झाला? तीस सेकंदांत माझा चष्मासुद्धा पुसून होत नाही! आणि त्या पडद्यावर ती हिरवी पट्टी सरसर सरसर कमी होत जाते, मग पिवळी होते, मग लाल, मग टूं-टूं वाजायला लागतं, आणि आपण इकडे कागदावर गुणाकारात हातचा धरून बसलेलो... संपलं! यंत्रानं आपली पानं परस्पर टाकून दिली! राजे होते हो माझ्या हातात! दोन-दोन राजे! न लढता गेले बिचारे!

तुम्हाला सांगतो, इथे बेलो होरिझोंतेच्या विद्यापीठात मी छत्तीस वर्षं संभाव्यताशास्त्र शिकवलं. कुठलं पान येण्याची शक्यता किती, हे मला झोपेतून उठवून विचारा. म्हणजे... बहुधा सांगेन. एखाद्या दशांशाची चूक झाली तर सांभाळून घ्या. पण पोकर नावाच्या या प्रकारात उत्तर येऊन भागत नाही, बटण दाबावं लागतं! आणि माझं कसं, गणित चोख, पण बोट हलेल तर शपथ!

आता तुम्ही म्हणाल, प्रोफेसर, एकाहत्तराव्या वर्षी हे पत्ते-बित्ते काय काढलंत? मी काढले नाहीत हो, माझ्या मेहुण्याने काढले. देओक्लेसिओ. बायकोचा सख्खा भाऊ. आयुष्यभर फ्रीज विकले. आणि कसा विकायचा, तर गिऱ्हाईक पंखा घ्यायला आलेलं असायचं!

सासऱ्यांनी जाताना ग्वारापारीला समुद्रावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट बहीण-भावाला मिळून ठेवला. आम्ही डोंगरातली माणसं, समुद्र म्हटलं की आम्हाला ग्वारापारीच. आणि आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, सुट्ट्या, पोहणं, मजा. ऑगस्ट म्हणजे थंडी आणि वारा. तर दर नाताळच्या जेवणाला, सगळे जमलेले, हा देओक्लेसिओ माझ्या खांद्यावर हात टाकणार आणि म्हणणार, "दाजी, तुम्ही विद्वान माणूस! तुम्हाला शांतता लागते! जानेवारीत तिथे काय ती गर्दी, काय तो गोंगाट, तुमच्या डोक्याला ताप नको. ते मी सोसतो. तुम्ही ऑगस्ट घ्या!" चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी ऑगस्टमध्ये स्वेटर घालून समुद्र बघतोय! दर वर्षी माझ्याकडे उत्तर तयार असायचं, मुद्देसूद, तीन भागांत. पण ते ओठांपर्यंत येईतो गोड वाढून झालेलं असायचं.

गेल्या वर्षी ऑगस्टहून परत आलो, नाक वाहतंय, आणि रविवारच्या जेवणाला हा आला. आला तो पोकरच्या बढाया मारत. "दाजी, मी ऑनलाइन स्पर्धा खेळतो. दर रविवारी दुपारी, तीनशे-तीनशे माणसं! तुमचं ते शक्यताबिक्यता पुस्तकात ठीक आहे हो, इथे छाती लागते! तुम्ही माझ्यापुढे पाच मिनिटं टिकणार नाही!" आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "नोव्हेंबरातल्या मोठ्या स्पर्धेत बघू. जो जास्त टिकेल, त्याचा जानेवारी." मी मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. मागे भिंत होती. मीच बोललो होतो!

मार्लुसिया, म्हणजे आमची मंडळी, तिने कपाळावर हात मारला. "अहो, तुम्हाला हॉटेलात गेल्यावर भात मागवायचा की बटाटे, हे ठरवायला पंधरा मिनिटं लागतात!" आणि तिनेच मला त्या खेळात नाव घालून दिलं. तिथे प्रत्येकाला टोपणनाव लागतं. कुणी 'वाघ', कुणी 'तोफ'. माझं काय घातलं? 'डॉक्टर कदाचित'!

लागलो खेळायला. फुकटच्या सराव स्पर्धा असतात, त्यांत. पहिल्या दिवशी आत गेल्यागेल्या सगळ्यांना लिहून 'नमस्कार, शुभ दुपार' म्हटलं. कुणी उत्तर दिलं नाही. ठीक आहे. पानं आली. हिशेब केला. पैज वाढवायला हवी, शंका नाही. केली का? छे! अहो, समोरच्याकडे त्याहून चांगली असली तर? टाकली. पुढची आली. टाकली. त्या खेळात नुसतं बसून राहिलं तरी दर फेरीला आपल्या ढिगातल्या चिप्स, म्हणजे खेळातले पैसे, थोड्या-थोड्या कापल्या जातात. तेव्हा मी कधी हरलोच नाही हो, मेणबत्तीसारखा वितळून विझायचो! तीन आठवडे रोज विझलो. गणित चोख, पण बोट हलेल तर शपथ!

मग मार्लुसियाने तिसऱ्या मजल्यावरच्या दोना झिलांना बोलावून आणलं. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर लग्नाचे झगे शिवले, आणि नवरा गेल्यापासून दुपारचं हे ऑनलाइन पोकर! बाईंचं स्पर्धांत नाव आहे म्हणे. आल्या, शेजारी खुर्ची ओढली, क्रोशाची सुई काढली, आणि तासभर नुसत्या विणत बघत राहिल्या. मी घामाघूम! शेवटी म्हणाल्या, "प्रोफेसर, मघाशी ती राणीची जोडी टाकलीत. काय करायला हवं होतं?"

"वाढवायला हवं होतं," मी म्हणालो.

"मग? उत्तर येत होतं ना? परवानगी कुणाची मागत होता? भिंतीची?"

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि काळ्या घेवड्याचे दाणे घेऊन आल्या. आमच्याकडे पत्त्यांत गुण मोजायला दाणेच वापरतात, लहानपणापासूनची सवय. म्हणाल्या, "उत्तर माहीत असून दाबलं नाहीत, की एक दाणा या पातेल्यात. शनिवारी पातेलं चुलीवर!" पहिल्या शनिवारी, तुम्हाला सांगतो, तेवढ्या घेवड्यात चौघांचं जेवण झालं, वर शेजारी वाटी दिली! मार्लुसिया सगळ्यांना वाढताना सांगतेय, "घ्या हो घ्या, ह्यांची भीती आहे, छान शिजलीय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चव चांगली होती, पण.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी... मंगळवारच होता... पानं आली, एक्का-राजा. पट्टी पिवळी झाली. लाल झाली. दोना झिला विणताहेत, मान वर नाही. टूं-टूं सुरू झालं आणि मी डोळे मिटले आणि दाबलं! वाढवलं! डोळे उघडून बघतो तर टेबलावर कुणी नाही! सगळ्यांनी पानं टाकलेली! सात माणसं पळाली! मला बघून! अहो, छत्तीस वर्षांत विद्यार्थी माझ्या वर्गातून पळाले ते कंटाळून. घाबरून आयुष्यात कुणी पळालं नव्हतं! मला इतकं वाईट वाटलं की मी लगेच खाली लिहिलं, 'माफ करा, आपणास त्रास द्यायचा हेतू नव्हता, तथापि गणितानुसार...' तर तो 'तोफ' नावाचा लिहितो, 'आजोबा, खेळा हो, जीव घेऊ नका!' दोना झिलांनी माझ्या हातावर फटकाच मारला. "जिंकल्यावर माफी? माफी मागाल तेव्हाही एक दाणा!"

पण गाडी लागली ना रुळाला! तिसऱ्या शनिवारी दोघांपुरता घेवडा. पाचव्या शनिवारी वाटीभर. मी कागद बाजूला ठेवला, तोंडी हिशेब करायला लागलो. पट्टी पिवळी व्हायच्या आत दाबायला लागलो! परिणाम काय झाला सांगू? भाजीवाल्याने नेहमीसारखे दोन मऊ टोमॅटो घातले, मी म्हणालो, "हे नकोत." म्हणालो हो! त्याने बदलून दिले! त्यालाही आश्चर्य, मलाही! स्पर्धेच्या आदल्या शनिवारी पातेल्यात दाणे पडले अकरा. मार्लुसियाने ते मोजले आणि म्हणाली, "आज उपाशी मारणार वाटतं हे." पण हसत होती. बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे बघून अशी हसली.

आला तो रविवार. दुपारी दोनला सुरू. तीनशे बारा माणसं. देओक्लेसिओ त्याच्या घरी, मी माझ्या. आणि या माणसाला गप्प बसवतं का? फोनवर आवाजी निरोपावर निरोप! "दाजीऽऽ! ऑगस्टचं स्वेटर धुवून ठेवा!" ... "दाजी, अजून आहात? यंत्र बिघडलंय का?" साडेतीनला शंभर उरले. मी आहे! चारला चाळीस. मी आहे! दोना झिला विणताहेत, पण आता सुई तेच-तेच घर घालतेय. बाहेर कुणीतरी गोल केला, आख्ख्या गल्लीत आरडाओरडा, फटाके, मार्लुसियाने जाऊन खिडकी लावली. आमच्या घरात! फुटबॉल चालू असताना! यावरून ओळखा काय वेळ होती.

सव्वाचारला उरले चौदा आणि टेबलं जुळवली, आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर नाव आलं 'फ्रीजसम्राट'. दुसरं कोण असणार!

आणि आला तो डाव. माझ्याकडे नव्वीची जोडी. मधली पाच सामाईक पानं उताणी पडली: एक्का, राजा, सत्ती, तिर्री, दुर्री. बाकीचे बाजूला झाले, आम्ही दोघेच. आणि देओक्लेसिओने सगळं, सगळंच्या सगळं पुढे ढकललं. माझ्यापेक्षा थोडंच कमी. म्हणजे बघा, त्याच्याकडे एखादा एक्का असला, राजा असला, तर मी संपल्यात जमा. आणि काहीच नसलं, नुसतीच छाती असली, तर माझ्या नव्व्या भारी. मी हिशेब केला. निम्मं-निम्मं! पुन्हा केला. निम्मं-निम्मं! पट्टी पिवळी झाली. दोना झिलांकडे बघितलं, तर त्या छताकडे बघताहेत. गणित चोख, अगदी चोख, पण बोट... बोट लाकूड झालेलं!

आणि फोन वाजला. निरोप. मार्लुसियाने लावला. "दाजी," आवाज एकदम मऊ, साखरेत घोळलेला, "दाजी, टाका हो पानं. मी मनापासून सांगतो. इतके छान खेळलात, आता उगाच अपमान नको. मला तुमची काळजी वाटते."

काळजी!

तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात दिवा लागला. अहो, चाळीस वर्षांचा नमुना माझ्याजवळ आहे! हा माणूस कधी मऊ बोललाय? लग्नात वाकलेल्या दाराचा फ्रीज आम्हाला आहेर दिला तेव्हा: "दाजी, हवा खेळती राहते." जानेवारी घेताना, दर वर्षी: "दाजी, तुमच्या डोक्याला ताप नको." आणि खरोखर हातात काही असतं तेव्हा? मुलगी झाली तेव्हा दोन दिवस तोंडातून शब्द नाही! लॉटरीत डुक्कर लागलं तेव्हा गुपचूप मागच्या दाराने घरात नेलं! ज्याला माझी काळजी वाटते त्याच्या हातात काहीही नाही! हे कुठल्याही पुस्तकात नाही, याला पुरावा नाही, कुठलंही नियतकालिक हे छापणार नाही, शिवाय मी चुकत असण्याची शक्यता...

"अहो!" मार्लुसिया ओरडली. "पट्टी!"

दाबलं.

डोळे उघडे ठेवून दाबलं!

त्याची पानं उलटली. राणी आणि गुलाम! क्रम जुळवायला दश्शीची वाट बघत बसलेला, दश्शी काही आली नाही, हातात भोपळा! दोना झिलांनी विणकाम हवेत फेकलं, मार्लुसिया माझ्या गळ्यात, मी टेबलावर... म्हणजे चढणार होतो, गुडघ्याने नाही म्हटलं. आणि माफी? एक अक्षर लिहिलं नाही! त्या नाचात दोन डावांत माझी पानं यंत्रानेच टाकली, तिसऱ्यात मी बाहेर पडलो, तेरावा आलो, कोणाला पर्वा! फोन वाजला. देओक्लेसिओ. म्हणाला, "दाजी... तुम्ही हे कधीपासून करायला लागलात?"

गेलो जानेवारीत! आता ऐका. फ्लॅट आमचा म्हटल्यावर मार्लुसियाच्या मावसबहिणी आल्या. त्यांची मुलं. त्या मुलांचे मित्र. "दर वर्षी मामांकडे येतोच की!" दोन खोल्यांत अकरा माणसं! न्हाणीघरापुढे रांग, टाकीतलं पाणी दहाला संपलेलं, वाळूत टॉवेलभर जागा मिळवायला पहाटे जाऊन छत्री रोवावी लागायची, आणि ते काम यजमानाचं! मी झोपायचो फ्रीज आणि दार यांच्या मधल्या झोळीत. रात्रभर ज्याला पाणी लागेल तो मला बाजूला ढकलून फ्रीज उघडायचा. पण एक सांगतो, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मी लाटेला ओरडलो, "ये!" एकाहत्तर वर्षांत कुणाला ओरडलो नव्हतो. तेवढ्यासाठी झोळी चालली.

आणि परवा देओक्लेसिओ आला. ऑगस्टचे पंधरा दिवस संपवून. तोंड बघायला हवं होतं, दहा वर्षांनी तरुण! येऊन माझ्या पायाशीच बसला. "दाजी, अख्खा किनारा रिकामा! मासळी निम्म्या भावात! रात्री नऊ तास झोप, आणि एक नातेवाईक नाही, एक नाही! चाळीस वर्षं हा स्वर्ग तुम्ही एकटे भोगलात, आणि दर वर्षी असं पडलेलं तोंड करून यायचात की मला दया यायची! चाळीस वर्षं! असा पत्तेबाज मी जन्मात पाहिला नाही. मी तर तुमच्यापुढे पोर!"

आता त्याला सांगू, की ते तोंड खरंच पडलेलं होतं? मी नुसता चष्मा पुसला. तेवढ्यात मार्लुसिया आतून ओरडली, "अहो, यंदा मावशीही येणार म्हणतेय, तेरा चादरी लागतील!"

जातो. काय करणार, जिंकलोय ना!