गोड्या इहिरीचं पाणी

माझं माहेर वालूरचं, सेलूकडलं. बाप सालगडी, आमी चार बहिणी, मी थोरली म्हणून माझं आधी उरकलं. नवरा परभणीला जिनिंगात हमाल, सरकीची पोती उचलायचा. वय काय असंल माझं, काय सांगू ताई तुमाला, तवा कोण लिहून ठेवायचं, पंधरा-सोळा म्हणा. शहराच्या भायेर, रुळाच्या पल्याड आमची वस्ती, पन्नासेक घरं, कुणी जिनिंगातलं, कुणी टांगेवालं, कुणी कचेरीत पाणी भरणारं. खालच्या अंगाला सा-सात घरं मुसलमानांची. भांडणं व्हायची, न्हाई म्हणत न्हाई, पर ती कोंबड्यावरनं आन् सांडपाण्यावरनं.

वस्तीला इहिरी दोन. एक जवळची, घरांच्या मधोमध, तिचं पाणी जड. दिसायला नितळ, पर जड. डोकं धुतलं की केसाचा दोर व्हायचा, साबण झिजायचा पर फेस म्हणून न्हाई, आन् हंड्याच्या बुडाला पांढरा खार असा बसायचा की खुरप्यानं खरवडावा. दुसरी लांब, चिंचेखालून वाट जायची तिकडं, तिला गोडी इहीर म्हणायचे. मी नवी नवरी, मला कोण सांगणार, पहिल्याच आठवड्यात जवळचं पाणी भरलं आन् तुरीची डाळ चढवली. दुपार झाली, तीनदा लाकडं सारली, डाळ आपली टणकच्या टणक. सासू म्हणली, आईनं काय शिकवलं तुला, साधं वरण येईना. मी चुलीपुढं बसून रडायले, तवा हमीदाबी आली. शेजारची, खालच्या अंगाचं पहिलं घर तिचं. तिचा नवरा करीमभाई भिस्ती, कातड्याच्या मशकीनं कचेरीत पाणी टाकायचा, पाठ कायम भिजलेली. हमीदाबीनं पातेल्यात डोकावून पाह्यलं आन् हसली. वहिनी, ये पानी जड हाय, इसमें डाळ शिजती नै, गोडी का लाव. आन् हात धरून मला गोडीवर घेऊन गेली.

तवापसून आमी दोघी रोज संगंच. दोर तिचा, पोहरा माझा. तिला मूल न्हवतं, मलाबी अजून न्हवतं, बायका दोघींनाबी टोचून बोलायच्या, म्हणून लय जमलं. मग मी घरात खाणावळ काढली, जिनिंगातली आठ-दहा सडी माणसं जेवायची, आन् माझ्या वरणाचं नाव झालं. माझं कशाचं ताई, पाण्याचं.

मग ते साल आलं. हैदराबादचं राज गेलं. त्याच्याआधी आमच्या लोकांनी लय सोसलं, माझ्या चुलत्याला नेसत्या कपड्यानिशी गाव सोडावं लागलं, ते काय मी इसरले न्हाई. आन् राज गेल्यावर दुसऱ्यांनी सोसलं. चार-पाच दिस काठ्या-कुऱ्हाडी घेऊन माणसं फिरायलेली, कुणी वळखीचं, कुणी बिनवळखीचं. खालची घरं एकेक करून रिकामी झाली. करीमभाई कामाला हैदराबादला गेलेला, तो तिकडंच अडकला. दुपारची येळ. आमचे मालक जिनिंगात, घरात मी आन् सासू, दार लावून बसलेल्या. दार वाजलं. जोरात न्हाई, बोटानं. वहिनी, मैं हूँ, मला आत घे, सांजपर्यंतच.

मी उठले, कडीला हात घातला. सासूनं येऊन माझा हात धरला, तिथंच, कडीवर. वाईट न्हवती म्हातारी, भेली होती. हात मला सोडवता आला असता, ताई. म्हातारीच्या हातात जोर तो किती असतोय. पर मी न्हाई सोडवला. ओ बी दिली न्हाई. ती भायेरनं परत म्हणली, वहिनी, घरात हाय का तू. मग थोडी थांबली. मग तिची पावलं वाजली, चिंचेच्या अंगाला.

दुसऱ्या दिशी ती गोडीत सापडली. कुणी म्हणलं उडी टाकली, कुणी म्हणलं मागं माणसं लागली होती. मला ठावं न्हाई, आन् ठावं करून घ्यायची हिंमतबी कधी झाली न्हाई. जाणते बसले, ठरलं की गोडीचं पाणी बाटलं, कुणी प्यायचं न्हाई, आन् इहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकल्या.

सगळी वस्ती जड पाण्यावर आली. आठ-नऊ वरसं म्हणा. डाळ आदल्या दिशीच भिजू घालायची, सोडा टाकायचा, तरी वाढताना पाणी एकीकडं आन् डाळ एकीकडं. निम्मी जेवणारी माणसं तुटली. मालकांना मुतखडा झाला, दुखायला लागलं की जिमिनीवर लोळायचे, लेकरावाणी रडायचे, एवढा पोती उचलणारा गडी. हकीम म्हणला, पाणी बदला. कुठलं बदलू? आन् माझं वेगळंच. चुलीपुढं बसले की दार वाजायचं, बोटानं, भर दुपारी. उठून उघडायची, कुणी न्हाई. मग अशी खोडच लागली की कुणाचंबी दार वाजो, मी हातातलं टाकून पळायची, भिकारी असो का वारं असो. सासू बघायची आन् मान खाली घालायची. ती मरेपर्यंत त्या दिसाबद्दल एक शब्द बोलली न्हाई, आन् मीबी न्हाई.

पुढं आमचा मुलुख मुंबईकडं गेला आन् वस्तीला नळ आला. आदल्या साली चिंचेकडं तारेचं कुंपण पडलं, इंजिन बसलं, लोक म्हणले रेल्वेचं काम असंल. नळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. साहेब म्हणले, लांबनं पाणी आणलंय तुमच्यासाठी. मी पहिली कळशी आणली, डाळ चढवली, आन् काय सांगू, एका उकळीत फुटली. लोण्यावाणी. पळी फिरवता फिरवता माझा हात थांबला. वाटीत पाणी घेऊन चाखलं. जीभ इसरत न्हाई, ताई. नळ बसवणारा मिस्त्री माझ्याकडंच जेवायचा, त्याला इचारलं. त्यानं घास खाली ठेवला. म्हणला, मावशी, तीच इहीर, पर सगळी उपसलीय, गाळ काढलाय, दवा टाकलीय, पाणी चांगलं हाय, तुमी वस्तीत बोलू नगा, लोक नळ मोडतील.

सांगावं तर मालक परत जड पाण्यावर, म्हणजे परत ते लोळणं. न्हाई सांगावं तर तिच्या इहिरीचं पाणी रोज वाढायचं, ज्यांनी बाभळी टाकल्या त्यांनाच. मी गप बसले. दुसऱ्यांदा. सालभरात मालकांचं दुखणं उतरलं. अख्ख्या वस्तीची डाळ शिजायली. आता वाटतंय, जुन्या बायकांना काय कळलं नसंल? पर कुणी कुणाला इचारलं न्हाई.

पुढच्या उन्हाळ्यात करीमभाई आला. दाढी पिकलेली, पाठ वाकलेली. हमीदाबी गोडीत गेल्याचं त्याला कुणीतरी तवाच कळवलं होतं. घराच्या जागी दुसऱ्याचा गोठा झालेला, तो बघून नळावर आला. मी कळशी भरायले. त्यानं ओंजळ केली, मी पाणी ओतलं. एक घोट घेतला आन् थांबला. तोंडातच धरून ठेवला. जलमभर गोडीचं पाणी पाठीवर वाहिलेला माणूस, त्याला कोण फसवणार. मला वाटलं आता थुंकतोय. त्यानं गिळलं, आन् परत ओंजळ पुढं केली, पोटभर पेला. मग म्हणला, वहिनी, उस दिन तुमी घर में थे क्या?

मी म्हणले, न्हाई, वालूरला गेले होते, माहेरी.

त्यानं मान हलवली. म्हणला, मेरे कू भी वोइच लगा. वो बोलती थी, कुछ बी हुआ तो वहिनी का दार हाय. तुमी रहते तो वो बच जाती.

रुमालानं तोंड पुसलं, तुमारे घर में बरकत रहे म्हणला आन् ठेसनाकडं गेला. परत कधी दिसला न्हाई.

आन् ताई, त्याची दुवा लागली बगा. दोन लेकरं झाली, खाणावळ चालली, पक्कं घर झालं. जेवढी बरकत होत गेली तेवढी मी आतनं भ्यायची. आता ती इहीर बुजली, बोअरचं पाणी हाय, परत जड, पर कुकर असल्यावर सुनांना काय कळतंय. मालक गेले, सासू गेली, करीमभाईबी नसंलच आता. ज्याला खरं सांगायचं तो उरला न्हाई. तुमी पाण्याचं इचारायला वही घेऊन आलात, देव तुमचं भलं करो, लिहा. मी वालूरला गेले न्हवते. त्या दिशी मी घरातच होते. एवढं नीट लिहा, बाकीचं ऱ्हायलं तरी चालंल.