टेबलाखालची शीळ

बिघडलेला कीबोर्ड मांडीवर घेऊन टायपिंगवाल्या बाई कॉम्प्युटरच्या दुकानात नंबराची वाट बघत होत्या. पुढे काउंटरवर एक म्हातारं जोडपं दुकानदाराचं डोकं खात होतं. बाईंनी पेपर उघडला खरा, पण कान तिकडेच.

"हा बघा काकू, ऑल-इन-वन. सगळं या स्क्रीनच्या पोटातच. एक वायर लावली की झालं."

"हाच द्या. आमच्या टेबलाखाली वायरींचं नुसतं जंजाळ झालंय. झाडू घालायची सोय नाही."

"अगं, पण याचा स्क्रीन गेला की सगळंच गेलं. सीपीयूचा डबा वेगळा असला की बिघडेल तेवढंच बदलायचं."

"तुम्ही गप्प बसा. चाळीस वर्षं आपल्या दुकानात रेडिओ दुरुस्त केलेत, अजून हौस फिटली नाही?"

"बरं बाई, घे तुझ्या मनासारखा."

"काका, याला तुम्ही हात लावायचं कामच नाही. घरी उघडताच येत नाही हा."

"उघडताच येत नाही?"

"नाही काकू. बिघडला तर इथेच आणायचा."

"मग नको. डबा वेगळा असलेलाच द्या."

"अगं, आणि झाडूचं काय?"

"मारीन कसाबसा. मागच्या महिन्यात तुम्ही जुन्या डब्यातला पंखा बदलायला टेबलाखाली शिरलात ना?"

"शिरलो. केवढी ओरडलीस!"

"ओरडले. पण तुम्ही तिथे शीळ घालत होतात. दुकान बंद केल्यापासून पहिल्यांदा ऐकली."

"कुठलं गाणं होतं गं?"

"सुरात असतं तर कळलं असतं! अहो दुकानदार, वायरी जरा लांब बघून द्या, डबा टेबलाखालीच ठेवायचाय."