टबातला बर्फ

बिबवेवाडीत मुलांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. शेजारच्या आजींच्या मांडीवर कानटोपी घातलेली नात झोपली होती. समोरच्या बाईंनी विचारलं,

"सर्दी का हो, आजी?"

"बर्फात खेळली."

"डिसेंबरात?"

"शाळेचा मेसेज आला. मुलांना घरी हिवाळ्याचा अनुभव द्या म्हणे. बाहेर पडलेला हिवाळा चालत नाही. हिचा बाबा कॅनडात, म्हणून सुनेनं बर्फ किसून टबात भरला."

"आवडला का?"

"मी स्वेटर, हातमोजे घालूनच बसवली होती. हिनं मोजे काढून हात घातला आणि विचारलं, बाबा यात राहतो?"

"मग?"

"हिनं तांब्याभर गरम पाणी मागितलं, टबात ओतलं आणि दार उघडून उंबऱ्यात बाबाची वाट बघत बसली."